लाल गाडी आणि आपलं अर्धं राहिलेलं भांडण

अहो, तो शोरूमवाला काल आला होता. महिन्याने या, म्हणून तुम्हीच सांगून ठेवलं होतंत ना त्याला? माणूस शब्दाला जागला. दारात ती लाल गाडी उभी केली, काचेवर बसलेली धूळ फडक्याने पुसली आणि हसतमुखाने विचारतो कसा, "शेठ आहेत ना?"

मी म्हटलं, "नाहीत." तर म्हणे, "मग थांबतो की. मला काही घाई नाही." तुमच्या वहिनी, माझ्या मोठ्या जाऊबाई, खारेपाटातून माझ्या सोबतीला येऊन राहिल्यात. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आरं बाबा, शेट कुठचं आता? शेट गेलं. तेरावा पन जाला." त्या माणसाचं तोंड बघवेना. फडकं खिशात कोंबायला गेला ते खाली पडलं, ते उचलायला वाकला तर किल्ली पडली. "मला कुणी कळवलंच नाही हो," असं दोनदा म्हणाला. शेवटी मीच त्याला बसवून पाणी दिलं.

कोण कळवणार होतं? पाहुण्यारावळ्यांना, टेम्पोवाल्यांना, माती पाठवणाऱ्याला, सगळ्यांना फोन गेले. गाडीवाला कुणाच्या ध्यानात आला नाही. माझ्या आला होता, खरं सांगू का? मी मुद्दाम सोडून दिला. तुमच्यामाझ्यात तेवढी एकच गोष्ट अजून चालू होती. ती मिटवायचा फोन मला करवेना.

आळीतल्या लोकांना वाटायचं, मूर्तींचा कारखाना आहे, दारात दोन टेम्पो आहेत, मुलगी रोह्याला सुखात नांदतेय, आता ह्या दोघांना भांडायला उरलंय काय? अहो, म्हणून तर भांडण रंगलं. पैसे नडत असते तर विषय पहिल्याच दिवशी संपला असता. एरवी तुम्ही कुठल्या वस्तूसाठी हट्ट धरलात? मला आठवत नाही. शर्टसुद्धा मी आणेन तो घालायचात. आणि वयाची पंचावन्नी उलटल्यावर ह्या माणसाला शर्यतीतल्यासारखी पळणारी गाडी हवी!

सुरुवात गेल्या गणपतीच्या आधी झाली, वडखळ नाक्याच्या पुढे. आपण रोह्याच्या मूर्ती घेऊन निघालो होतो. मागून एक गाडी आली आणि आपल्याला ओलांडून अशी गेली, की मी "मेल्या, मरायचंय का?" म्हणून ओरडले. तुम्ही गप्प. नागोठणं आलं तरी गप्प. मला वाटलं, छातीत दुखतंय की काय. मग आंबा नदीच्या पुलावर म्हणालात, "आवाज ऐकलास गो?"

"कसला आवाज?"

"तिनं गिअर उतरवला ना, तवाचा."

मी कपाळाला हात लावला. भररस्त्यात आपल्याला कापून गेलेल्या गाडीचा आवाज हा माणूस पुलापर्यंत कानात घोळवत बसला होता.

बरं, हट्ट धरणारा तरी कोण? ज्याच्या टेम्पोपुढे सायकलवाले जायचे तो. कच्च्या शाडूच्या मूर्तींचा टेम्पो चालवणं हा प्रकारच निराळा, मान्य आहे मला. ब्रेक मारायची सोय नाही. ब्रेक मारला की पेंढ्यात बसवलेले बाप्पा एकमेकांवर रेलतात, कुणाची सोंड जाते, कुणाचा हात. म्हणून तुम्ही खड्डा लांबून हेरायचात आणि गिअर उतरवत यायचात, चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा, की टेम्पो आपसूक मंदावायचा. तरी मी बरोबर असायचेच, ओल्या मातीचा गोळा आणि रंग-कुंचला घेऊन. पोचल्यावर कुणाचं बोट निखळलं असेल तर जागेवर बसवायचं, डोळ्याची आखणी पुसली असेल तर पुन्हा करायची. हे सगळं ठीक. पण मूर्ती उतरवून रिकामा टेम्पो घेऊन परत येतानाही तुमचा काटा चाळीसच्या वर जायचा नाही! मी म्हणायचे, "अहो, मागे नुसता पेंढा आहे, पळवा की!" तुम्ही म्हणायचात, "पाय जात नाय गो." इतक्या वर्षांची सवय. रिकाम्या पेंढ्यालासुद्धा तुम्ही जपून आणायचात.

आपला संसार त्या केबिनमध्ये झाला म्हटलं तरी चालेल. घरी दिवसभर कारखान्यात माणसांची वर्दळ, बोलणार कधी? नंदाला रोह्याचं स्थळ द्यायचं ते केबिनमध्ये ठरलं. तुमची आई गेली तेव्हा तुम्ही घरात सगळ्यांना सांभाळलंत आणि चार दिवसांनी धरमतरच्या रस्त्याला टेम्पोत रडलात. दोघांची तोंडं रस्त्याकडे असली की बोलायला बरं पडतं. तुम्ही चिडलात हे मला तोंडावरून कळायचं नाही, गिअर टाकण्यावरून कळायचं. फार चिडलात की फार हळू टाकायचात.

तर भांडण. माझं म्हणणं सरळ होतं. ह्या रस्त्यावर ती गाडी पळवणार कुठे? पुढे टँकर, मागे ट्रक, मधे खड्डे. पोट इतकं खाली, की आपल्या गल्लीतल्या गटारावरून जाताना घासेल. पावसात नागोठण्याला पाणी भरलं की होडीसारखी तरंगेल. आणि उद्या तुम्ही खरंच पळवलीत तर मी घरी बसून देव पाण्यात घालून ठेवू का? तुम्ही प्रत्येकाला मान डोलवायचात. "व्हय, खरं हाय तुझं," म्हणायचात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या गाडीचं माहितीपत्रक घेऊन बसायचात. वाद घालणाऱ्या माणसाशी लढता येतं हो, पण सगळं कबूल करून जागचा न हलणाऱ्याशी कसं लढायचं?

जावईबापूंनी आपल्या परीने तोडगा काढला. कंपनीतल्या साहेबाची गाडी त्यांनी बघितली होती. म्हणाले, "बाबा, घ्यायचीच तर बिनगिअरची घ्या. नुसतं पायाने दाबायचं की चालली. तुमच्या गुडघ्याला बरी." गुडघा जिना चढताना कुरकुरत होताच. जावयाशी तुम्ही कधी चढ्या आवाजात बोलला नाहीत, त्या दिवशीही नाही. चहाची बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "गिअर नाय तर मी करू काय आत बसून? नवरदेवासारखा खिडकीतनं बघत ऱ्हाऊ?" जावईबापू हसले आणि त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

आणि ती पहिली ट्रायल! आठवतेय ना? तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होतात. आळीतली पोरंबाळं गाडीभोवती. शोरूमवाला मागे बसला, मी तुमच्या शेजारी. हायवेला लागल्यावर तो मागून सांगतोय, "दाबा शेठ, दाबा, हे काहीच नाही, हिला अजून जाग पण आली नाही." आणि तुम्ही? चाळीस! खड्डा दिसला की चौथ्याचा तिसरा, तिसऱ्याचा दुसरा. ट्रकवाले हॉर्न मारून मारून दमले. एक एसटी आपल्याला ओलांडून गेली आणि तिच्यातली माणसं वळून वळून बघत होती, की एवढ्या गाडीला झालंय काय! मग त्याने मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला भीती वाटतेय का? हात असे का धरलेत?" मी खाली बघितलं. घरचा बाप्पा आणताना मांडीवर धरते ना, तसे दोन्ही हात मी वळवून धरले होते. मांडीवर काही म्हणजे काही नव्हतं! तुम्ही माझ्या हातांकडे बघितलंत, मी तुमच्या काट्याकडे, आणि आपण जे हसत सुटलो ते गाडी बाजूला घ्यावी लागली. तो बिचारा मागे गोंधळून बसलेला. त्याला काय सांगणार? आपण दोघांनी त्याच्या त्या पळणाऱ्या गाडीत गणपती बसवला होता.

घरी आल्यावर मी सवयीने मागचं दार उघडून सीट वितीने मोजली आणि म्हटलं, "फूटभराच्या मूर्ती चार सहज बसतील." तुम्ही दार लावून घेतलंत. "हिच्यात मूर्ती बसायची नाय," म्हणालात, "हिच्यात आपन बसायचं." मी म्हटलं, "वा! राजेसाहेब!" आणि आत निघून गेले. डाळ शिजत होती.

त्या दिवशी तुम्ही मलाही चालवायला सांगत होतात. "बस गो, तू बस." मी बसले नाही. साडी होती, बाजारातली माणसं बघत होती आणि मुळात मला हौस नव्हती. मला गाडी चालवता येते हे आळीत कितीजणांना ठाऊक आहे? गणपतीच्या तोंडावर तुमचा हात मोडला होता त्या वर्षी तुम्ही मला मिठागरांच्या मधल्या रस्त्यावर टेम्पो शिकवलात. दोन्हीकडे पाणी, मधे एवढासा रस्ता, आणि तुम्ही गळ्यात हात अडकवून शेजारी. "क्लच हलू सोड. पोर झोपल्यावर हात काढतेस ना तिच्या डोक्याखालचा, तसा." बांधावर मासे धरणाऱ्या बाया काम थांबवून बघत होत्या. एक ओरडली, "बग बग, बाई गारी चालवते!" तुम्ही खिडकीतून तिला म्हणालात, "बाई नाय, माझी बायको हाय." त्या वर्षी सगळ्या मूर्ती मी पोचवल्या. एकाही बाप्पाचं नख मोडलं नाही. मग तुमचा हात बरा झाला, माझी आखणीची कामं होतीच, आणि पुन्हा तुम्ही तुमच्या जागी, मी माझ्या.

शेवटी बोललो ते जेवताना. तुम्ही म्हणालात, "तो परत येल ना, तवा तू चालव. नाय आवडली तर विषय बंद. मी परत नाव काढायचो नाय." मी म्हटलं, "मग बंदच समजा." तुम्ही भातावर आमटी ओतून घेतलीत आणि म्हणालात, "बघू." त्यानंतर तुम्ही गेलात तो दिवस मी इथे लिहीत नाही. तुम्ही होतातच तिथे.

तेराव्यानंतर नंदा माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आई, आता तू रोह्याला चल. कारखाना कुणालातरी चालवायला दे. पेणला एकटी काय करणार? रात्रीअपरात्री काही झालं तर?" जावईबापूंनी खोली रिकामी केलीय. नवे पडदे लावलेत, निळे, मला आवडतात म्हणून. इतक्या प्रेमाने बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं? वाईट माणसं असती तर सोपं होतं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पण मनात धरून चालले होते, की साचे एकदा धुऊन पुसून ठेवायचे, कुलूप लावायचं आणि जायचं. तुमच्याशिवाय टेम्पो कोण चालवणार, मूर्ती कुणाच्या भरवशावर पाठवणार? डोळे रेखायला बसले की कुंचला उचलवत नव्हता. कारखान्यात जायचे आणि तशीच परत यायचे.

अशात काल हा माणूस दारात उभा. पाणी पिऊन उठला, म्हणाला, "येतो मॅडम. माफ करा." फाटकापर्यंत गेला आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा."

का निघालं ते विचारू नका. जाऊबाई म्हणाल्या, "बग की गो एकदा चालवून. आलाय एवढा लांबून." मी म्हटलं, "वयनी, महिना तरी झालाय का? लोक काय म्हणतील?" तुमच्या वहिनी त्या, त्यांना काय! म्हणाल्या, "लोकांचा काय? लोका तेराव्याचा जेवून आपापल्या घरा गेली. तू जा. मी हाय घरान." मी चपला काढून मागे टाकल्या, पदर खोचला आणि बसले. फाटकातच दोनदा बंद पडली. शोरूमवाला दुसरीकडे बघत राहिला, चांगला माणूस आहे. तिसऱ्यांदा हलली.

वडखळपर्यंत माझंही तुमच्यासारखंच. चाळीस. खड्डा आला की गिअर खाली. हात आपोआप जात होता. तुम्हाला सांगत होता तसं "दाबा दाबा" त्या माणसाने मला एकदाही म्हटलं नाही. नागोठण्यानंतर रोह्याच्या रस्त्याला वळलो. तिथे गर्दी नव्हती. दुपारची वेळ, समोर सगळा मोकळा रस्ता. मी विचार केला, आता हे सगळं संपायचंच आहे, तर बघू तरी हा बाबा कशासाठी एवढा वेडा झाला होता. आणि दाबली.

अहो! काय सांगू तुम्हाला! ती वर उसळली नाही, उलट खाली बसली, रस्त्याला धरून. पाठ सीटला टेकली. तिसऱ्यात तिला सोडली तर आवाज चढत गेला, चढत गेला आणि मला वाटलं आता पुरे, तर त्याच्याही पुढे गेला. चौथा टाकला तो लोण्यात सुरी जावी तसा. भिसे खिंडीचा चढ आला, मी उतरवून तिसरा टाकला आणि तिने एक आवाज केला, आणि तुम्ही पुलापर्यंत का गप्प बसला होतात ते मला कळलं. वळणामागून वळण येत होतं आणि माझे हात, माझे पाय, सगळं जिथल्या तिथे पडत होतं. डोळे रेखताना कधीतरी एखाद्या दिवशी हात असा लागतो, की चूक होणारच नाही हे आधीच ठाऊक असतं. तसं. मी हसत होते. मोठ्याने. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

आणि त्या सगळ्या वळणांमध्ये तुम्ही गेलात हे मी विसरले हो. अगदी साफ विसरले. खिंडीच्या माथ्यावर मी मान वळवली आणि म्हणाले, "अहो, ऐकलंत का?"

शोरूमवाला म्हणाला, "काय मॅडम?"

मी गाडी बाजूला घेतली. मग मात्र मला आवरेना. तुमच्या मयताला आवरलं होतं, तेराव्याला आवरलं होतं, नंदासमोर आवरलं होतं. तिथे नाही आवरलं. तो खाली उतरला आणि जरा लांब, झाडाकडे तोंड करून उभा राहिला. मी हाक मारेपर्यंत वळला नाही.

रोह्याला नंदाच्या दारात हॉर्न दिला तशी ती गॅलरीत आली. "आई? तू चालवलीस?" खाली आली तर डोळे हे एवढे. मी म्हटलं, "नंदा, मी पेणलाच राहणार. कारखाना मीच बघणार. टेम्पोला कुणीतरी जपून चालवणारा शोधते, नाहीतर मी आहेच. आणि ही गाडी घेणार." मग हळूच म्हणाली, "बाबांची इच्छा होती म्हणून घेतेस ना? अगं, तू राहा पेणला, पण यायजायला साधी घे. तुझ्यापुरती. बाबांना आवडायची म्हणून तू कशाला..." मी म्हटलं, "नाही गं. मला आवडली." तिला ते काही केल्या पटेना. थोडी रागावलीच. तुमच्या आठवणीसाठी घेतली असती तर तिला चाललं असतं. शोरूमवाल्यालाही जेवू घातलं, मी निळ्या पडद्यांच्या खोलीत जेवले, थोडी पडले आणि उजेड असतानाच परत निघाले. निघताना ती फाटकात उभी होती, हात केला नाही तिने. करेल हळूहळू.

साधी गाडी पुरली असती, हे मलाही कळतं. लोकांनी विचारलं तर सांगेन, ह्यांची फार इच्छा होती. लोकांना ते बरं वाटतं. पण तुम्हाला कशाला खोटं सांगू? तुमच्यावर रागच आहे माझा. तुम्ही ती गाडी पन्नासला सुद्धा नेली नाहीत हो! आवाजावरून ओळखलंत, आणि काय ओळखलंत ते पळवून बघायच्या आत गेलात. वाद तुम्ही जिंकलात आणि ते ऐकायला थांबला नाहीत.

कधीकधी वाटतं, नसती आवडली तर बरं झालं असतं. विषय बंद झाला असता. मी रोह्याला गेले असते, पडदे धुतले असते, नातवंडं झाली असती तर खेळवली असती, आणि तुम्ही नाही ह्याची कशीबशी सवय होत गेली असती. आता ती व्हायची नाही. आता गाडी चांगली चालली, की दर वेळी मला ते तुम्हाला सांगावंसं वाटणार.